कोन बोलून रायलं? पशुसखींच्या व्हिडिओ कॉलच्या प्रकल्प नोंदी

४ जून २०२५, बुधवार

आजपासून लिहून ठेवतो. काल काय ठरवलं ते आज आठवत नाही, आणि मग तेच तेच पुन्हा करत बसतो.

काम असं आहे. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव आणि शेजारची चार गावं. या गावांतल्या पशुसखी, म्हणजे उमेद अभियानातल्या बचत गटांच्या बाया, शेळ्यांना लस टोचतात, जंताचं औषध पाजतात, किरकोळ जखमा बघतात. अवघड दुखणं असलं की तालुक्याच्या पशुवैद्यकांना व्हिडिओवर जनावर दाखवायचं. वेगळं ॲप नको, कारण बायांच्या फोनमध्ये जागाच नसते. लिंक दाबली, ब्राउझर उघडला, समोर डॉक्टर, एवढंच हवं. व्हिडिओ एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनवर, आमच्या सर्व्हरवर काही साठत नाही. ब्राउझरमधून थेट व्हिडिओवर बोलायची सोय, वेबआरटीसी, आहेच त्यासाठी.

व्हिडिओ चालवणं दोन दिवसांचं काम होतं, झालं. अडलंय ते पलीकडे खरंच डॉक्टर आहेत का, यावर.

याला कारण मार्चमधली गोष्ट. खालच्या वेटाळातल्या (आळीतल्या) मावशीला व्हिडिओ कॉल आला. पांढरा कोट, मागे भिंतीवर गाईच्या पोटाचा तक्ता. "पशुसंवर्धनातून बोलतो, शेळी गटाचं अनुदान मंजूर झालं, फाईलचे २,२०० भरा." मावशीनं भरले. नंतर तो नंबर बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार केली तेव्हा चार दिवस उलटले होते. मावशीचं म्हणणं एकच: "चेहरा तं दिसत होता ना बाप्पा!"

डिजिटल अरेस्टचे (व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस बनून पैसे उकळण्याचे) प्रकार एवढे वाढले की २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांना 'थांबा, विचार करा, कृती करा' असं सांगावं लागलं. त्यातही हत्यार हेच, समोर दिसणारा चेहरा आणि वर्दी. आवाजावर माणूस शंका घेतो, चेहऱ्यावर घेत नाही.

गाईच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असतो. तो नंबर टाकला की ती कोणाची, लस कधी झाली, सगळं निघतं. तिला तपासणाऱ्याच्या कानात काही नाही.

६ जून, शुक्रवार

धाकट्या भावाला समजावून सांगताना माझंच नीट झालं, म्हणून इथे उतरवतो.

वेबआरटीसीत व्हिडिओ कधीच उघडा जात नाही. कुलूप सक्तीचं आहे, बंद करायचं बटणच नाही. प्रत्येक ब्राउझर स्वतःच स्वतःचं प्रमाणपत्र बनवतो आणि त्याचा ठसा (एसएचए-२५६ चा, बत्तीस जोड्यांचा) निरोपात घालून समोरच्याला पाठवतो. मग दोघं थेट जोडले जातात आणि समोर आलेलं प्रमाणपत्र त्या ठशाशी जुळतं का ते तपासतात. जुळलं की कुलूप लागलं.

गोम अशी की तो ठसा नेऊन देणारा मधला निरोप्या आमचाच सिग्नलिंग सर्व्हर आहे. निरोप्यानं चिठ्ठी बदलली तर? कुलूप लागेल, पण भलत्याच दाराला. वेबआरटीसीच्या सुरक्षेचे दस्तऐवज (आरएफसी ८८२६ आणि ८८२७, जानेवारी २०२१) हे झाकून ठेवत नाहीत. सर्व्हरवर विश्वास नसेल तर ओळख वेगळ्या वाटेनं पटवा, असंच त्यांत आहे.

भाऊ म्हणाला, "पण सर्व्हर तं तुयाच हाय ना?" हाव, माझाच. सहाशे रुपये महिन्याच्या भाड्याचा, आणि त्याचा पासवर्ड मी एकदा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवला होता.

९ जून, सोमवार

सांगून पटत नाही म्हणून करून दाखवलं.

वहिनी (चुलतभावाची बायको, आमच्या गावची पशुसखी) गोठ्यात फोन घेऊन, भाऊ ओसरीत डॉक्टर बनून, आणि मी मधल्या खोलीत लॅपटॉप घेऊन. सर्व्हरमध्ये तीसेक ओळी घातल्या. वहिनीचा निरोप भावाकडे न जाता माझ्याकडे येणार, भावाकडे माझा जाणार. लॅपटॉपवर दोन जोडण्या, एक वहिनीशी, एक भावाशी. इकडून आलेलं चित्र तिकडे ढकलायचं.

दोघंही झकास बोलले. वहिनीनं बेरारी पाटीचं (तरण्या शेळीचं) तोंड उघडून दाखवलं, भावानं "जीभ बाहेर काढा" म्हणून डॉक्टरकी केली. दोघांच्याही ब्राउझरवर कुलपाचं चिन्ह जागच्या जागी. वहिनीच्या फोनचा खरा ठसा ७बी:०३:सी९ नं सुरू होत होता, भावाच्या फोनवर पोचला तो ई१:५५:२ए, म्हणजे माझा. पण ते पाहतं कोण? त्यासाठी डेव्हलपर टूल उघडावं लागतं.

मग लॅपटॉपवर रेकॉर्ड झालेली फाईल वहिनीला दाखवली. तिचाच चेहरा, तिचाच गोठा, मागे सासूबाई कोणाला तरी शिव्या देत होत्या तेही. वहिनी दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "भाऊजी, हे तुमी केलं म्हून बरं. दुसऱ्यानं केलं असतं तं मले कसं समजलं असतं?"

नसतंच समजलं. आता सोडवायचं आहे ते हेच.

१० जून, मंगळवार

यावर मूळ वेबआरटीसीतच एक उपाय होता, आयडेंटिटी प्रोव्हायडरचा. तिसरी कोणी भरवशाची साइट 'हा ठसा अमुक माणसाचा' अशी ग्वाही देते आणि ब्राउझर स्वतः ती तपासतो, आमच्या पानाला त्यात हातही घालता येत नाही. डोकं लावून केलेली रचना आहे. पण ती उतरली फक्त फायरफॉक्समध्ये, आणि पुढे मुख्य मानकातूनही काढून वेगळ्या कागदात ठेवली. आमच्या पाचही पशुसखींच्या फोनवर क्रोम आहे. विषय संपला.

१३ जून, शुक्रवार

दुसरी वाट जुनी आहे. दोघांच्या ठशांतून दोन्ही पडद्यांवर एक छोटा संकेत काढायचा आणि तो एकमेकांना तोंडानं सांगायचा. मध्ये कोणी असेल तर दोन पडद्यांवर दोन वेगळे संकेत येतील. झेडआरटीपी या इंटरनेट कॉल कुलूपबंद करायच्या पद्धतीत (आरएफसी ६१८९, २०११) हेच आहे. टेलिग्रामच्या कॉलवर चार इमोजी दिसतात तेही याच कुळातले.

आकडे नकोत असं ठरवलं. ओटीपीमुळे आकडे सांगायचे नाहीत हे बायांच्या डोक्यात आत्ता कुठे बसलंय, ते मोडायचं नाही. शब्द सांगायचे. चौसष्ट शब्दांची यादी, तीन शब्दांचा संकेत. चौसष्ट गुणिले चौसष्ट गुणिले चौसष्ट म्हणजे २,६२,१४४ शक्यता. गावाला पुरून उरतील.

दुपारी तासाभरात लिहिलं, चाललंही. खूश होऊन झोपलो.

१४ जून, शनिवार, पहाटे

खूश व्हायचं काही कारण नव्हतं. रात्री पाणी आलं म्हणून उठलो आणि हौद भरता भरता लक्षात आलं.

संकेत निव्वळ ठशांतून निघत असेल, तर मधल्या चोराला २,६२,१४४ वेळा मेहनत करावी लागत नाही. त्याच्याकडे दोन बाजू आहेत, वहिनीला दाखवायचा ठसा आणि डॉक्टरांना दाखवायचा ठसा, आणि दोन्ही त्याच्या हातातले. वहिनीच्या बाजूसाठी ५१२ प्रमाणपत्रं बनवायची, डॉक्टरांच्या बाजूसाठी ५१२. ५१२ गुणिले ५१२ किती? नेमके २,६२,१४४. म्हणजे सरासरीनं एक तरी जोडी अशी सापडणार जिच्यात दोन्ही पडद्यांवर तेच तीन शब्द येतील. एका वर्गातल्या पोरांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी निघतो, तोच हिशेब.

उजाडल्यावर करून पाहिलं. माझ्या आठ वर्षं जुन्या लॅपटॉपनं चहा गाळून होईपर्यंत जोडी शोधून दिली: 'विळा, मोर, तुरी'. दोन्ही फोनवर तेच. मध्ये मी.

शब्द वाढवून हे सुटत नाही. सहा शब्द केले तर चोराचं काम वाढेल, पण बायांचं त्याहून जास्त वाढेल.

१४ जून, संध्याकाळ

उपाय झेडआरटीपीतच होता, मी तो भाग घाईत वगळला होता. मूठ आधी झाकायची.

एका फोननं एक यादृच्छिक आकडा मनात धरायचा आणि आधी फक्त त्याचा हॅश (आकड्यावरून काढलेली खूण, जिच्यावरून मूळ आकडा काढता येत नाही) पाठवायचा. ही झाकली मूठ. मग दुसऱ्यानं आपला आकडा उघड पाठवायचा. त्यानंतर पहिल्यानं मूठ उघडायची, आणि उघडलेला आकडा आधीच्या हॅशशी जुळतो का ते दुसऱ्यानं पाहायचं. संकेत निघणार तो दोन्ही आकडे आणि दोन्ही ठसे मिळून. आता चोराला आधीच हजार प्रमाणपत्रं बनवून काही साधत नाही, कारण समोरचा आकडा कळायच्या आत त्याला स्वतःचा पक्का करावा लागतो. त्याला एकच डाव मिळतो, २,६२,१४४ मध्ये एक, आणि फसला तर दोन्ही पडद्यांवर दिसतो. सोळाच बिटांचा संकेत झेडआरटीपीला पुरतो तो याच जोरावर.

भावाला हे लगेच कळलं. लहानपणी चिंचोक्यांनी एकी-बेकी खेळताना तो मूठ उघडायच्या आधी चिंचोका खाली पाडायचा.

१९ जून, गुरुवार

शब्दांची यादी. वाटलं होतं अर्ध्या तासात होईल. तीन दिवस गेले, आणि आतापर्यंत सगळ्यात मजा यातच आली.

नेटवर्क दबकं असलं की आवाजातली वरची पट्टी आधी जाते. शब्दाच्या सुरुवातीचे स, श, च, छ ऐकूच येत नाहीत. म्हणून 'शेण' आणि 'चणे' दोन्ही बाद. बोर आणि मोर एकत्र नको, म्हणून बोर बाद. मूग, मूळ, मूठ यांतला एकच. तूर आणि तूप यांतली तूर ठेवली, पण 'तुरी' असं लिहून. दोन अक्षरी शब्दांपेक्षा तीन अक्षरी बरे पडतात. पळस, मोहफूल, मुंगूस, वखर, टोपलं, कापूस, जांभूळ, डवरा राहिले. 'वाघ' काढला. टिपेश्वर अभयारण्य जवळ आहे. संध्याकाळी फोनवर कोणी मोठ्यानं वाघ म्हणालं तर अख्खं वेटाळ बाहेर येईल.

दोन पशुसखींना वाचायला वेळ लागतो, म्हणून शब्दाशेजारी चित्र घातलं. तिथे घोळ झाला. डॉक्टर साताऱ्याकडचे. चाचणीत त्यांच्या पडद्यावर हिरव्या जुडीचं चित्र आलं, ते म्हणाले, "कोथिंबीर." वहिनीच्या पडद्यावर तेच चित्र, ती म्हणाली, "नाई जी, माह्या इथं सांबार हाय."

डॉक्टर: "सांबार? डाळीचं?"

"डाईचं कायले? हिरवा सांबार!"

पुढची पाच मिनिटं दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि कॉल मात्र 'ओळख जुळत नाही' म्हणून अडकलेला. मग ज्याला दोन नावं आहेत ते सगळं काढलं. सांबार गेला, भेदरं (टोमॅटो) गेलं, आलू गेला, फल्ली (शेंगदाणे) गेली. विदर्भाची निम्मी भाजी यादीबाहेर. पळस सगळीकडे पळसच, त्याला पानंही तीनच.

२४ जून, मंगळवार

पाऊस. लाईट सकाळपासून नाही. मोबाइलवरून मोबाइलवर थेट जोडणी बऱ्याचदा लागतच नाही, कारण कंपनीच्या एकाच पत्त्यामागे शेकडो फोन दडलेले असतात. म्हणून टर्न सर्व्हर लावला. तो फक्त कुलूपबंद पाकिटं इकडून तिकडे देतो, आत पाहू शकत नाही. कोण कोणाशी किती वेळ बोललं एवढं त्याला कळतं. ते चालेल.

२ जुलै, बुधवार

पहिला खरा कॉल. शेजारच्या गावी तीन बकऱ्या हगवणीनं आडव्या. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) असेल का, ही सगळ्यांची धास्ती. तोंडात छाले नाहीत, नाकातून गळत नाही, असं वहिनीनं दाखवलं. डॉक्टर म्हणाले, पावसाचं कोवळं गवत जास्त खाल्लं असेल, आंत्रविषार वाटतो, मी येतोच. आले.

आता ओळखीचं. संकेत आला: 'डवरा, जांभूळ, टोपलं'. डॉक्टरांनी तिन्ही वाचले. वहिनी पडद्याकडे न बघता "हाव, हाव, बरोबर हाय" म्हणाली, कारण तिचं लक्ष बकरीत. बरोबरच आहे तिचं. मी तिच्या जागी असतो तरी तेच केलं असतं.

त्यात नेटवर्क चारदा तुटलं. दोनदा जुनीच जोडणी सावरली, तेव्हा ठसा तोच राहिला आणि शब्दही तेच. दोनदा पान नव्यानं उघडावं लागलं, तेव्हा शब्द नवे. चौथ्यांदा वहिनी वैतागली: "बकरी मरून रायली अन् तुमी मले शब्द इचारून रायले!"

आजची दोन कामं. एक, "बरोबर आहे" हे बटण काढायचं. त्याऐवजी पडद्यावर चार चित्रं दाखवायची आणि डॉक्टरांनी कोणता शब्द म्हटला त्यावर बोट ठेवायला सांगायचं. ऐकल्याशिवाय दाबताच येणार नाही. दोन, ओळख एकदा झाली की ती लक्षात ठेवायची.

७ जुलै, सोमवार

लक्षात ठेवायचं काम झालं. प्रत्येक फोन पहिल्यांदा पान उघडताना स्वतःची कायमची चावी बनवतो, आणि ती ब्राउझरच्या कोठारात अशी ठेवतो की बाहेर काढता येत नाही, माझ्या कोडलाही नाही. तिच्याकडून फक्त सही करून मागायची. दर कॉलला त्या वेळच्या ठशावर या चावीची सही होते, आणि समोरचा फोन मागच्या वेळी जपून ठेवलेल्या चावीशी ती ताडून पाहतो. जुळली तर शब्द नाहीत, थेट बकरी. शब्द फक्त पहिल्या वेळी, किंवा चावी बदलली तर.

१० जुलै, गुरुवार

पहिली ओळख फोनवर करायचीच नाही, बाजारात करायची, ही वहिनीची कल्पना. बाजाराच्या दिवशी पाचही पशुसखी तालुक्याला येतात, डॉक्टरही दवाखान्यात असतात. दवाखान्याच्या पडवीत, ताडपत्रीवरून गळणारं पाणी चुकवत, प्रत्येकीनं डॉक्टरांच्या फोनवरचा क्यूआर आपल्या फोननं टिपला, डॉक्टरांनी प्रत्येकीचा. क्यूआरमध्ये चावीचा हॅश, बाकी काही नाही. दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या पट्टीबंधक काकांचा फोनही त्यात घेतला, कारण डॉक्टर शिबिराला गेले की फोन तेच उचलतात.

नाव कोणी स्वतःचं टाकायचं नाही, असं ठरवलं. समोरच्यानं ठेवायचं. माझ्या फोनमध्ये तुमचं नाव काय, हे मी ठरवणार. मावशीला फसवणाऱ्यानं स्वतःचं नाव स्वतःच 'डॉ.' लावून लिहिलं होतं. वहिनीनं डॉक्टरांचं नाव ठेवलं 'बकरीचे डाक्टर'. दुसऱ्या एकीनं 'साताऱ्याचे'.

एका पशुसखीच्या सासऱ्यांनी मध्येच विचारलं, डॉक्टर खरे कशावरून? वाजवी प्रश्न. डॉक्टरांनी भिंतीवरचं नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं. महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचं, नागपूरचं. १९८४ च्या कायद्यानं ही नोंदणी लागते. सासरे प्रमाणपत्र वाचून झाल्यावर म्हणाले, "ते ठीक हाय. पन मागच्या साली माह्या बैलाचा पाय यानंच नीट केला होता." आणि सुनेला म्हणाले, "घे फोटो."

१८ जुलै, शुक्रवार

दोन फटके एकाच आठवड्यात.

पहिला: वहिनीच्या पोरानं गेमसाठी जागा करायला ब्राउझरचा सगळा डेटा पुसला. चावी गेली. डॉक्टरांच्या फोनवर लाल पट्टी, 'हा फोन ओळखीचा नाही'. ब्राउझरकडे कायमची जागा मागता येते, ती मागितली आहे, पण तिनं ब्राउझरनं आपणहून पुसणं थांबतं, पोरगं थांबत नाही.

दुसरा जास्त मुळावरचा. डॉक्टरांनी एकीला फोन केला, चावी जुळली, आणि पडद्यावर तिचा नवरा. ती वावरात होती. त्यानंच "हो हो" म्हणत औषधाचं प्रमाण ऐकून घेतलं आणि पुढे उलटं सांगितलं. बकरी वाचली, डॉक्टरांनी संध्याकाळी पुन्हा फोन केला म्हणून.

चावी फोनची असते, माणसाची नाही. आणि आमच्याकडे फोन घराचा असतो. बोटाचा ठसा लावायला सांगू का? वहिनीच्या फोनवर आधीपासून तीन बोटं नोंदवलेली आहेत, दोन पोराची. वहिनीचं स्वतःचं बोट निंदणाच्या दिवसांत लागतच नाही, रेशनच्या मशीनवरही लागत नाही. रेघा घासल्या गेल्यात.

२२ जुलै, मंगळवार

ओळख जुळली की पडद्यावर येणारी हिरवी टिकली काढून टाकली.

टिकली म्हणते 'सगळं ठीक'. मला तर तीन वेगळ्या गोष्टी ठाऊक असतात आणि तिन्हींचा भरवसा वेगवेगळा. मध्ये कोणी नाही, हे गणित सांगतं. हा मागचाच फोन आहे, हे चावी सांगते. हातात फोन धरलेलं माणूस तेच आहे, हे मला कधीच कळणार नाही. ते वहिनीला कळतं, चेहरा पाहून आणि दोन वाक्यं बोलून. तिन्हींवर मिळून एक हिरवी टिकली लावणं म्हणजे माझ्या खात्रीचा शिक्का तिच्या डोळ्यांवर मारणं.

आता पडद्याच्या वर साधं वाक्य येतं: 'हा तोच फोन आहे, ज्याची ओळख तुम्ही १० जुलैला समोरासमोर करून घेतली. बोलणारं माणूस तेच आहे का, ते तुम्ही पाहा.' लांब आहे. वहिनीनं पहिल्यांदा पूर्ण वाचलं, आता वाचत नाही. पण वाक्य बदललं की तिला कळतं, हे तपासून पाहिलं.

सगळ्या कागदांत 'आयडेंटिटी' येतं आणि मी सवयीनं 'ओळख' लिहितो. खरं तर इंग्रजीतली ती चीज एकट्याजवळ असते, खिशातल्या कार्डासारखी. आपल्याकडे ओळख दोघांत असते. कोणीतरी ती करून द्यावी लागते, मग ठेवावी लागते, आणि कोणी दाखवली नाही तर राग येतो. वाक्यात मग 'ओळख पटली' न लिहिता 'ओळख करून घेतली' लिहिलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

अकरा कॉल, तक्रार नाही. निंदणाचे दिवस, कोणाला बोलायला वेळ नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

पोळा परवावर. घरोघरी बैलांच्या शिंगांना रंग चाललाय, आणि नेमकं आज डॉक्टरांना वहिनीनं हाकलून लावलं.

झालं असं. डॉक्टरांचा फोन नाल्याच्या पुरात गेला. नवा घेतला, पान उघडलं, वहिनीला कॉल लावला. तिच्या पडद्यावर लाल पट्टी, 'हा फोन ओळखीचा नाही'. शब्द आले, तिनं ऐकले, जुळले. चेहराही डॉक्टरांचाच. तरी तिनं विचारलं, "कोन बोलून रायलं?"

"अहो, मी डॉक्टर."

"डाक्टर तं मले दिसून रायले. पन फोन तुमचा नाई हाय. मावशीलेबी चेहराच दिसला होता." आणि कॉल बंद.

डॉक्टरांनी मला साध्या फोनवर गाठलं. आवाजात थोडा राग, थोडं हसू. "तुमच्या यंत्रानं माझीच वाट बंद केली." मी म्हटलं, सर, यंत्रानं नाही. यंत्रानं पट्टी दाखवली, वाट वहिनीनं बंद केली. खरं सांगायचं तर ते ऐकून मला आनंदच झाला, पण तसं म्हणालो नाही, कारण तिच्याकडे एक बकरी दोन दिवस खात नव्हती.

पुन्हा समोरासमोर भेट व्हायला वेळ आहे. तोवर काय?

२१ ऑगस्ट, गुरुवार

पट्टीबंधक काका. त्यांचा फोन शाबूत आहे आणि १० जुलैला पाचही जणींनी टिपलेला आहे.

काकांनी आपल्या फोनवरून वहिनीला कॉल लावला. लाल पट्टी नाही, वाक्य नेहमीचं. वहिनीनं काकांना ओळखलं, पोळ्याला काय करता वगैरे झालं. मग काकांनी फोन फिरवून शेजारी बसलेल्या डॉक्टरांकडे धरला, आणि डॉक्टरांनी नव्या फोनवरचा क्यूआर काकांच्या कॅमेऱ्यासमोर धरला. वहिनीच्या पडद्यावर आलेल्या व्हिडिओतूनच तो टिपायचा, अशी मी रात्रीत सोय केली होती. ज्या वाटेवर मध्ये कोणी नाही याची खात्री आहे, त्याच वाटेनं नवी चावी न्यायची.

पहिल्या सात वेळा टिपला गेलाच नाही. बारीक नेटवर्कवर चित्र फुटतं आणि क्यूआरच्या चौकटी एकमेकींत मिसळतात. आत फक्त हॅशचे ३२ बाइट ठेवले, म्हणजे २९ गुणिले २९ चौकटींत काम भागलं, आणि डॉक्टरांना फोन अर्ध्या वितीवर धरायला लावला. काका मोठमोठ्यानं सूचना देत होते: "हलवू नका साहेब. आता बाजूनं. नाई, उलटं झालं." आठव्या वेळी टुंग वाजलं.

वहिनीच्या फोनवर आता तिसऱ्या प्रकारचं वाक्य आलं, जे मी पहाटे चारला लिहिलं होतं: 'या फोनची ओळख पट्टीबंधक काकांनी २१ ऑगस्टला करून दिली.' समोरासमोर झालेली नाही, एकानं करून दिलेली. भरवसा एक पायरी कमी, आणि तसंच लिहिलेलं. पुढे समोरासमोर क्यूआर टिपला की वाक्य आपोआप बदलतं.

लगेच डॉक्टरांनी नव्या फोनवरून कॉल लावला. पट्टी नाही. वहिनी म्हणाली, "या डाक्टर. बकरी दाखवतो." आणि मग, फोन गोठ्याकडे नेता नेता, "काल राग नका धरजा जी."

२५ ऑगस्ट, सोमवार

बकरी खातेय. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली डॉक्टर भेटले, तिथेच वहिनीनं क्यूआर पुन्हा टिपून घेतला. एका हातात फोन, दुसऱ्यात बैलाचा कासरा.

उरलेली कामं: ओळख करून देणाऱ्यावर मर्यादा घालायची. काकांनी करून दिलेल्यानं पुढे आणखी कोणाची करून द्यायची का? माझ्या मते नाही, एकच पायरी. भावाचं मत वेगळं. आणि चावी पुसली गेली तर पशुसखींनीही एकमेकींच्या फोनवरून हेच करावं, त्याचा सराव येत्या बाजारी घ्यायचा. मावशीलाही बोलावलं आहे. ती म्हणते, येते, पण फोन घरीच ठेवून येईन.